खिशातली गोळी

गोर,
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय एफीआत्या,

उत्तराला उशीर झाला, कारण उजव्या भुवईवर पट्टी आहे आणि तिच्यावर चष्मा बसत नाही. पट्टी का आहे ते सांगते, पण हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेव.

मी गॅविनची बंदूक उडवली. म्हणजे चाप मी ओढला, पुढचं सगळं बंदुकीनं केलं. ती मागे आली, दुर्बिणीची कड भुवईत रुतली आणि मी केल्विनच्या कुरणातल्या चिखलात बसले. समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला काहीही झालं नाही. परवाना मला जानेवारीतच मिळाला आहे, परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर होती. बंदुकीला मात्र ते कुणी कळवलेलं दिसत नाही. शाळेत मी सांगितलं की फडताळाचं दार लागलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं पट्टीकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मिस, माझ्या आईलापण असंच दार लागलं होतं. तिची बंदूक टू-सेव्हंटीची होती."

आता तू विचारशील, या वयात हे काय. तर ऐक. गॅविनचे शिकारीतले सोबती, मर्व आणि केल्विन, नाताळात आले होते. टोप्या हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी अवघड बोलायचं आहे. गॅविन जाऊन जुलैत वर्ष होईल. खोऱ्यातल्या त्यांच्या खोपटात झोपायच्या तीन फळ्या आहेत, आणि खिडकीखालची फळी गॅविनची. केल्विनच्या मेहुण्याला ती हवी आहे. मर्व म्हणाला, "आम्ही त्याला थांबवून ठेवलंय. आधी तुला विचारायचं ठरलं. तुला यायचं असेल तर फळी तुझी. पण या एप्रिलला रिकामी ठेवता येणार नाही, लॉर्ना."

केल्विन म्हणाला, "चहापाण्याचं, तळणाबिळणाचं तू बघितलंस तरी आमची काही हरकत नाही."

मी ताडकन म्हणाले, "मी शिकारीला येईन." ते वाक्य ऐकून सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

आत्या, लग्न झाल्यापासून दर एप्रिलला हरणं ओरडायला लागली की गॅविन तिकडे जायचा. नर जवळ यावा म्हणून हरणासारखं ओरडायचा सराव मार्चभर गॅरेजमध्ये चालायचा. माझ्या व्हॅक्यूम क्लीनरची अर्धी नळी कापून त्यानं ओरडायचा भोंगा केला होता. तेव्हापासून मी घर कंबरेत वाकून साफ करते. नळीला चीर गेली होती, तिच्यावर निळी चिकटपट्टी, त्यामुळे त्याच्या हरणाला शेवटी खोकला यायचा. तिकडून परत आला की तो दोन दिवस शांत असायचा. रागावलेला नाही, धुऊन वाळत घातल्यासारखा शांत. त्याच्या आयुष्यातली तेवढी एकच जागा मी पाहिलेली नाही. ती मेहुण्याच्या घोरण्याखाली जाऊ द्यायची नाही, एवढंच मला कळतं.

प्रश्न काडतुसाचा आहे. गॅविनची बंदूक सेव्हन मिलिमीटर मॅग्नमची. ती तर माझ्या भुवईनं वाचून झाली. खाटीक म्हणतो थ्री-ओ-एट घे, कुठेही मिळतं. दंतवैद्य म्हणतो टू-सेव्हंटी, गोळी सरळ जाते. हे त्यानं माझ्या तोंडात दोन्ही हात घालून सांगितलं, त्यामुळे मला काही विचारता आलं नाही. पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेनंतर हळूच टू-फोर-थ्रीचं नाव घेतलं, आणि त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते दुसऱ्या पंथात गेले. माझ्या गावात प्रत्येक पुरुषाचा एक देव आहे आणि एक काडतूस.

तू आयुष्यभर हरणं मारलीस. मी कुठलं घेऊ?

तुझी,
लॉर्ना


ओकुरू,
२० फेब्रुवारी

लॉर्ना पोरी,

माझं मनगट मुरगळलं आहे, म्हणून हे पत्र शेजारचा रेक्स लिहितो आहे. मी सांगेन तसंच्या तसं लिही, असं त्याला बजावलं आहे. (लिहितो आहे. तिनं आत्तापर्यंत तीनदा बजावलं. – रेक्स)

चहा मी खाली ठेवला नव्हता. टेबलावरचं कापड धुवायला टाकलं आहे.

आधी एक सांग. तू गॅविनची बंदूक का उचललीस? घरात दुसरी नव्हती म्हणून, की त्याची होती म्हणून? उत्तर मला पाठवू नकोस. तुझ्याजवळ ठेव. पण माणूस मेला की त्याचे बूट आपल्याला बसायला लागत नाहीत, आणि त्याची बंदूकही.

तू विचारतेस कुठलं काडतूस हरणाला चांगलं. हरणाला कुठलंच चांगलं नसतं. तुझ्या खांद्याला कुठलं चालेल ते विचार. मी थ्री-नॉट-थ्री वापरली, कारण लढाईनंतर ती सगळीकडे पडलेली होती आणि माझा खांदा लाकडं फोडून तयार झाला होता. तुझा खांदा वह्या तपासतो. (थ्री-ओ-एट घ्या. लहान नाही, मोठं नाही. दुकान कुठलंही असो, मिळतं. – रेक्स)

रेक्स काय खरडतोय इतका वेळ? माझं वाक्य लहान होतं.

आता नीट ऐक. एखाद्या मैत्रिणीला घेऊन जा. बंदूक तिनं भरायची, तू बघायचं नाही. कधी खरं काडतूस घालायचं, कधी बार नसलेलं खोटं. तुझ्या हातात दिली की तू नेम धर आणि चाप ओढ. खोटं असेल तेव्हा नुसतं खट्ट होईल, धक्का बसणार नाही. त्या वेळी बंदुकीचं तोंड कुठे जातं ते मैत्रिणीला बघायला सांग. जाग्यावर राहिलं तर काडतूस तुझं. खाली गेलं तर तू धक्क्याच्या आधीच दचकतेस, आणि दचकणाऱ्या माणसानं पोट फुटलेलं हरीण रात्रभर झाडीत फिरायला सोडलेलं असतं. ते पाप मॅग्नमनं कमी होत नाही.

खोट्या काडतुसाला लाज नसते, ते खरं सांगतं. कर आणि कळव.

एफीआत्या
(सहीसुद्धा मीच केली. – रेक्स)


गोर,
६ मार्च

प्रिय आत्या,

केलं. शेजारची बेरिल आली होती, डोक्याला रुमाल, हातात टोपलीभर चीज रोल, सहलीला आल्यासारखी. काडतुसं ती ॲप्रनच्या खिशातून काढत होती.

पहिलंच खोटं निघालं, मला अर्थात माहीत नव्हतं. खट्ट झालं. बंदुकीचं तोंड सरळ जमिनीकडे गेलं, माझे डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले. आणि मी मोठ्यानं म्हणाले, "सॉरी."

बेरिलनं विचारलं, "कुणाला सॉरी म्हणालीस गं?"

"बंदुकीला," मी म्हणाले.

बेरिलनं मला एक चीज रोल दिला. आम्ही तो कुंपणाला टेकून खाल्ला, आणि मग मी गॅविनची बंदूक पुसून पोलादी कपाटात ठेवली. तू ज्या प्रश्नाचं उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, ते मी पाठवत नाही आहे.

दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या दुकानदारानं त्याच्या मागच्या कुरणात मला टू-फोर-थ्री चालवू दिली. धक्का म्हणजे ग्रंथालयात मागून कुणी खांद्यावर हात ठेवावा, इतकाच. बेरिलनं खोटी काडतुसं मुठीमुठीनं घातली. तोंड हललं नाही. खोक्याला भोकं पडली, आणि ती मी पाडली होती. मी ते खोकं घरी आणलं आहे आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं आहे. इतकी वाया गेलेली बाई तू पाहिली नसशील.

पण एक घोळ करून बसले. मर्वचा फोन आला, "काय घेतलंस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "टू-सेव्हंटी." आपसूक. वजन विचारलं की थोडं कमी सांगतो ना, तसं हे थोडं जास्त सांगितलं. तिकडे टू-फोर-थ्रीला सगळे 'शाळकरी काडतूस' म्हणतात. मी तर शाळेतलीच. केल्विनला हा विनोद सुचायला वेळ लागणार नाही, जरी त्याला इतर काही सुचायला लागतो.

आत्या, तू का येत नाहीस माझ्याबरोबर? मी खाली जमिनीवर झोपेन, फळी तू घे. तुला तर ते सगळे मानतात. आणि मनगट कसं आहे? इतके दिवस?

तुझी,
लॉर्ना


ओकुरू,
१५ मार्च

लॉर्ना,

टू-फोर-थ्री घे. जड टोकाची गोळी घे, हलकी घेऊ नकोस. जवळ जा, आणि पुढच्या पायाच्या मागे, बरगडीत. लांबून मारायचा मोह झाला तर तो दंतवैद्याचा मोह आहे, तुझा नाही.

केल्विन हसेल, हसू दे. हरीण पडताना काडतुसाचं नाव विचारत नाही.

मला यायला जमणार नाही. गुडघा. शिवाय कोंबड्या आहेत, आणि नदीला पूर आला की पुलाचं काय सांगावं. (कोंबड्या मी बघितल्या असत्या. पूल भक्कम आहे. गुडघे दोन्ही चांगले आहेत, मनगटंही. तिला हे मी लिहिलेलं वाचता येणार नाही, आणि का येणार नाही ते तुम्ही ओळखा. मी सांगितलं असं म्हणू नका, मला इथेच राहायचं आहे. – रेक्स)

आता जे सांगते ते पाठ कर. फिरताना बंदुकीची नळी रिकामी ठेव. गोळी खिशात. हरणाचं डोकं दिसलं, शेपूट दिसलं आणि मधलं सगळं दिसलं, म्हणजे मगच ती खिशातून काढ. तांबडं दिसलं म्हणून नाही, हललं म्हणून नाही. आणि ओरडलं म्हणून तर मुळीच नाही. ओरडीच्या दिवसांत त्या झाडीत जेवढी हरणं ओरडतात तेवढीच माणसंही ओरडतात. एकमेकांना नर समजून तासन्‌तास उत्तरं देत बसतात आणि पोटावर सरपटत एकमेकांकडे जातात. बायकांना भेटायलासुद्धा इतके कष्ट घेत नाहीत ते.

काडतूस कुठलंही निवड, पण ते खिशात ठेवायला शिक.

टपालानं काडतुसं पाठवता येत नाहीत, म्हणून बार्लीच्या गोड गोळ्यांचा डबा पाठवते आहे. पाय थकले की एक तोंडात टाक. तुझे वडील डोंगरात त्याच खायचे.

एफीआत्या


गोर,
२८ मार्च

प्रिय आत्या,

घाईत लिहिते. टू-फोर-थ्री घेतली, जुनी, दस्त्यावर कुणाच्या तरी कुत्र्याच्या दातांची खूण आहे. शुक्रवारी निघतो.

गॅविनचा भोंगा, म्हणजे माझ्या व्हॅक्यूमची नळी, सगळीकडे शोधली. गॅरेज, माळा, गाडीची डिकी. सापडली नाही. मला ओरडता येत नाही, पण सोबत न्यायची होती. जाऊ दे.

डबा मिळाला. रेक्सना सांग, तुझं पत्र मी पूर्ण वाचलं. कंसातलंसुद्धा. आणि ओळखलं. (रेक्स, हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार, म्हणून इथेच थांबते.)

तुझी,
लॉर्ना


गोर,
२४ एप्रिल

प्रिय आत्या,

आधी खोपटाबद्दल, कारण तेवढ्यासाठीच मी गेले होते. ते कुरूप आहे. पत्रा गंजलेला, चुलीत धूर, आणि चावऱ्या माश्यांना तिथे माणसांपेक्षा जास्त हक्क आहेत. खिडकीखालची फळी माझ्यापेक्षा लांब आणि गॅविनपेक्षा आखूड, म्हणजे तो बिचारा दरवर्षी पाय दुमडून झोपत असणार. त्यानं कधी सांगितलं नाही. पहिल्या रात्री मी त्या फळीवर पडले आणि त्यानं पाहिलेलं काहीतरी थोर दिसेल म्हणून वाट बघितली. दिसला तो छताचा पत्रा.

पहिल्याच सकाळी केल्विननं माझी बंदूक हातात घेतली आणि नळीवर कोरलेलं वाचलं. "टू-सेव्हंटी म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"ही तर शाळकरी पोरांची."

"मग मी कोण आहे, केल्विन? तुझ्या मुलाला बेरजा कुणी शिकवल्या?"

मर्व चहात बघून हसला. तेवढ्यावर ते संपलं. ज्या गोष्टीची मी महिनाभर धास्ती घेतली होती, तिला चहाचा एक घोटसुद्धा पुरला नाही.

मग दोन दिवस काहीच नाही. पाऊस, चिखल, लांबून एखादी ओरड. तिसऱ्या दुपारी मर्व वरच्या ओढ्याकडे गेला आणि केल्विन खाली. मी त्यांना सांगितलं की खोपटातच बसते, पाय दुखतायत. खरं तर मला एकटीला रडायचं होतं आणि तीन माणसांच्या खोपटात ते जमत नाही. पण रडायला बसले तर रडू येईना. म्हणून बंदूक घेतली आणि वर निघाले. नळी रिकामी. गोळी खिशात. तू पाठ करायला सांगितलंस तसं मी ते खरोखर पुटपुटत चालले होते, पाढ्यासारखं: डोकं, शेपूट, मधलं.

आणि नर ओरडला.

आत्या, जवळ होता. छातीत ऐकू येईल इतका. मी गुडघ्यांवर बसले. पुन्हा ओरडला, आणि या वेळी मला वाटलं, हा मी आधी ऐकला आहे. वेड्यासारखं वाटलं. हरणांची कुठे ओळख असते. पण शेवटी तो खोकला. लांब ओरड, आणि टोकाला एक फाटका खोकला. माझे पाय आपोआप चालायला लागले. मला आता हे लिहिताना लाज वाटते, पण मी शिकार करत नव्हते. मी मार्चमधल्या गॅरेजकडे चालले होते.

बराच वेळ सरपटले. मग फर्नच्या पलीकडे काहीतरी तांबूस-करडं हललं. मोठं. तुझं सगळं शिकवलेलं त्या क्षणी माझ्या डोक्यातून गळून गेलं, पाढा नाही, शेपूट नाही, काही नाही. फक्त एवढंच की ते माझ्यासमोर आहे आणि ते जाईल. मी खिशात हात घातला, गोळी काढली, बंदुकीची काडतूस भरायची खाच उघडली आणि गोळी आत सारली.

जाईना. पुन्हा सारली. जाईना. कसलातरी चुरचुर आवाज येत होता. अंगठ्यानं जोर दिला, तरी जाईना. मी खाली बघितलं.

बार्लीची होती. पिवळी, कागदात गुंडाळलेली. मी एका नराला बार्लीची गोळी घालायला निघाले होते.

दोन्ही एकाच खिशात ठेवल्या होत्या, आत्या. इतकी मी हुशार शिकारी.

तेवढ्यात झाडीतून हरीण म्हणालं, "कोण कागद वाजवतंय?"

मर्व होता. अंगात तांबूस लोकरीचा स्वेटर, त्याच्या बायकोनं विणलेला. तो उठून उभा राहिला, माझी बंदूक बघितली, तिची उघडी खाच बघितली, माझ्या बोटांतली गोळी बघितली. त्याचा चेहरा असा झाला की मी आधी त्याला बसवलं आणि मग स्वतः बसले.

मग तो म्हणाला, "तू खोपटात होतीस ना."

मी म्हणाले, "तू हरीण होतास ना."

त्याच्या मांडीवर नळी होती. करडी, वळ्यावळ्यांची, मध्ये निळी चिकटपट्टी. मी म्हणाले, "ही माझी आहे."

मर्व म्हणाला, "गेल्या वर्षी परतताना त्यानं मला दिली. म्हणाला, तू आजारी वासरासारखा ओरडतोस, ही घे, वर्षभर सराव कर. मी परत करायला दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो. पण काय सांगून देणार? की ही घे, तुझ्या व्हॅक्यूमची नळी आणि तुझा नवरा?" आणि मग तो रडला, तांबूस स्वेटर घालून, तिथेच फर्नमध्ये. मला जे जमलं नव्हतं ते त्यानं केलं, आणि मग मलाही जमलं. मी एक गोळी त्याला दिली, एक मी घेतली. बार्लीची.

मग त्यानं मला नळी दिली. मी ओरडले. ते ओरडणं हरणाचं होतं, गायीचं की शिक्षिकेचं, सांगता येणार नाही. पण ओढ्याच्या पलीकडून खरं उत्तर आलं. खोकला नसलेलं. आम्ही उठलो नाही. गोळ्या चोखत ऐकत राहिलो. त्याला पाहायचीसुद्धा मला गरज वाटली नाही, आणि तेव्हा कळलं की गॅविन दोन दिवस शांत का असायचा. इतक्या मोठ्या आवाजानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही, एवढंच होतं ते. काही गुपित नव्हतं. मी उगीच कित्येक वर्षं मत्सर केला.

संध्याकाळी मर्वनं केल्विनला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, रडणंसुद्धा. केल्विन बराच वेळ चुलीत लाकडं सारत बसला. मग म्हणाला, "मेहुण्याला कळवतो, फळी विसर. तो तर बंदूक भरूनच हिंडतो." आणि थोड्या वेळानं, "माझ्या स्वेटरचापण रंग बदलायला हवा."

शेवटच्या सकाळी ओढ्यावर एक तरुण मादी पाणी प्यायला आली. डोकं दिसलं. शेपूट दिसलं. मधलं सगळं दिसलं. या वेळी डाव्या खिशातून काढली, धातूची. डोळे मिटले नाहीत, बंदुकीचं तोंड हललं नाही. ती दोन पावलं गेली आणि बसली. मी तिच्याजवळ गेले आणि पुन्हा "सॉरी" म्हणाले, पण या वेळी कुणाला म्हणाले ते मला माहीत होतं.

मागच्या मांडीचा तुकडा बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. बर्फात आहे, लगेच घे.

आता तुझं. मी तुझ्या जिवाला घोर लावणार नाही, शहरात ये म्हणणार नाही, तुझं घर सोड म्हणणार नाही. फक्त एक सांगते. तिथे कुणाला काही दिसत नाही, आत्या. सगळी शिकार कानांनीच चालते. मला त्या झाडीत नर कुठला आणि मर्व कुठला हे ओळखणारे कान हवे आहेत. तू ऐक, मी पाहते. फळीवर तू झोप. तू माझ्याहून बुटकी आहेस, पाय दुमडावे लागणार नाहीत.

तुझी,
लॉर्ना

ता.क. नळी घरी आणली आहे. व्हॅक्यूमला जोडलेली नाही. वाकून झाडते.


ओकुरू,
९ मे

लॉर्ना,

हे मी लिहिते आहे.
अक्षरं मोठी आहेत, ओळी
डोंगर उतरतायत. वाचून घे.

रेक्सनं तुझं पत्र वाचलं.
मध्येच थांबला. नाक शिंकरलं.
म्हणाला, थ्री-ओ-एट असती
तर बार्लीची गोळी आत
बसलीही असती.

डोळ्यांवर साय आली आहे. दोन वर्षं.
रेक्सच्या दोरीवर घोंगडी वाळत
होती. मला तिला शिंगं दिसली.
बारा टोकं. मी त्याला म्हटलं
हलू नकोस, नर आहे. तो म्हणाला,
हो, माझ्या पलंगावरचा. त्या दिवशी बंदूक
कपाटात ठेवली. तुला सांगितलं
नाही, कारण तू लगेच
गाडी घेऊन आली असतीस.

जूनमध्ये डोळ्यांचं ऑपरेशन करतात
तुझ्याकडच्या इस्पितळात.
नाव घातलं आहे. तुझ्याकडे
राहीन. नीट झाले तर पाहीन,
नाही झाले तर ऐकेन.
एप्रिलला येते.

मांस मऊ होतं. जवळून मारलंस.

न्यायला येशील तेव्हा गोळ्या आण.
होता तो डबा तुला पाठवला,
आता माझ्याकडे एकही नाही.
कुठल्या, ते लिहीत नाही.
वेगवेगळ्या खिशांत ठेव.

एफीआत्या
(सही तिनं स्वतः केली. एकदा टेबलावर, एकदा कागदावर. – रेक्स)